पिओनी गळायला लागली तेव्हा

११ जानेवारी, शनिवार

बोलताना प, फ, ब, भ, म नीट उमटत नाहीत. लिहिताना उमटतात. म्हणून आजपासून ही डायरी.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी चूळ भरताना पाणी डावीकडून गळायला लागलं. आरशात बघते तर डावी भुवई, डोळा, गाल, ओठाचा कोपरा, सगळं खाली आलेलं. नवरा, म्हणजे चारुदत्त, मला तसाच घरच्या कपड्यांत इमर्जन्सीत घेऊन धावला. त्याला वाटलं स्ट्रोक. स्ट्रोक नव्हता. चेहऱ्याची नस सुजलीय, बेल्स पाल्सी म्हणतात, म्हणाले. बहुतेकांचं पूर्ण बरं होतं, काहींचं थोडं राहून जातं. मी कोणत्या गटात, हे विचारलं की डॉक्टर इन्शाल्ला म्हणतात.

इतकी वर्षं मी सुंदर होते. लिहायला लाज वाटते, पण डायरीपुढे कसली लाज! शाळेत मला ॲडमिशन्सच्या डेस्कवर बसवलं ते काही माझ्या बी.कॉम.मुळे नाही. पालक दारातून आत आले की पहिलं हसू माझं असायचं. आता त्या हसण्याचा निम्मा भाग येतच नाही. सध्या मेडिकल लीव्हवर आहे.

आज लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं दिसलं. मोबाइल विसरल्याचं नाटक केलं आणि जिन्याने खाली गेले. इथे शारजात आम्ही नवव्या मजल्यावर राहतो.

ईश्वरी अकरावीत आहे. जेवताना म्हणाली, "आई, यू डोन्ट हॅव टू कम फॉर ओपन हाउस. बाबा विल मॅनेज."

कळलं मला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले नाही. चारूने ऑफिसातून तिळाच्या वड्या आणल्या, चहाबरोबर खाल्ल्या. हल्ली तो नेहमी माझ्या डाव्या हाताला बसतो. घरात नाही तर हॉटेलात, धावत येऊन तीच खुर्ची पकडतो. माझी ती बाजू कोणाला दिसू नये म्हणून असणार. चहा हनुवटीवर ओघळला की माझ्या गुडघ्याला बोट लावतो, मी पुसते. त्याच्याकडे बघत नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मरियमबी आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांचे यजमान खैरुद्दीनभाई झुंबरांचा व्यापार करतात, सगळा माल चीनहून येतो. मरियमबी दारातच म्हणाल्या, "काय गो बाय, किती दिवस अशी कोंडून घेणार?"

त्यांचं म्हणणं, खैरुद्दीनभाईंना दिवे पुरवणारा जो चिनी माणूस आहे त्याची म्हातारी आई दुबईला, इंटरनॅशनल सिटीत राहते आणि शनिवारी चित्रकला शिकवते. फुलांची. मी म्हटलं मला येत नाही.

"मग काय झालं? मला तरी कुठे पोहायला येतं, पण खाडी बघायला जातेच की नाही!"

यातून काय निष्पन्न होतं मला कळलं नाही, पण हो म्हणून बसले.

१८ जानेवारी, शनिवार

गेले एकदाची. मास्क लावून गेले.

लिन बाई सत्तरीच्या असतील. त्यांना सगळे लाओशी म्हणतात, म्हणजे गुरुजी. छोटा फ्लॅट, हॉलमध्ये लांब टेबल, त्यावर जाड फेल्टचं कापड अंथरलेलं. आत गेल्या गेल्या त्यांनी माझ्या मास्ककडे बोट केलं आणि काढ म्हणून खूण केली. मी काढला. मग त्या बघत राहिल्या. लोक बघून न बघितल्यासारखं करतात तसं नाही, सरळ टक लावून, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मरियमबीसुद्धा अवघडल्या. मला रडू येणार होतं तोच लाओशींनी हातात ब्रश दिला.

ब्रश उभा धरायचा. आधी पाण्यात, मग फिक्या रंगात, मग नुसतं टोक गडद रंगात. कागदावर टेकवून दाबलं की एका फटक्यात पाकळी उमटते, एका कडेला गडद, दुसरीकडे विरत गेलेली. आधी पेन्सिलने काढून घेणं नाही, खोडणं नाही. कागद इतका पाणी पितो की जरा थांबलं की डाग पसरतो.

माझे सगळे डागच झाले. लाओशी म्हणाल्या, "अगेन." दोन तासांत हा एकच शब्द मला मिळाला. कौतुक नाही, सहानुभूती नाही. परत जाणार नाही.

२५ जानेवारी, शनिवार

गेले. मरियमबींनी हॉर्न वाजवून वाजवून बिल्डिंग डोक्यावर घेतली, काय करणार!

आज नुसती पानं. लाओशींनी स्वतः एक पान काढलं आणि त्याला किडीने खाल्लेलं भोक ठेवलं. मला वाटलं चुकून कोरं राहिलं. पण त्यांनी दुसऱ्या पानालाही ठेवलं, आणि पहिल्यापेक्षा जास्त मन लावून.

१ फेब्रुवारी, शनिवार

त्यांचं नवीन वर्ष नुकतंच झालं. मुलाने चीनहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी पिओनीची फुलं मागवली होती. मी हे फूल पहिल्यांदा जवळून बघितलं. मुठीएवढ्या घट्ट कळ्या, आणि एक अर्धवट उमललेली, आत गुलाबी पाकळ्यांची गर्दी. लाओशी म्हणाल्या, रोज ये. या फुलाकडे वेळ नसतो.

रोज शारजाहून इंटरनॅशनल सिटी! म्हटलं बघू. चारूला सांगितलं तर तो म्हणाला, "गाडी तू घे, मी ऑफिसच्या कलीगबरोबर जाईन." त्याचा तो कलीग शारजाच्या पार दुसऱ्या टोकाला, मुवैलाला राहतो, म्हणजे चारूला पहाटेच निघावं लागणार. मी घरात नसले की त्याला बरं वाटत असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

फूल आता थाळीएवढं उघडलंय. सोमवारपासून तेच काढतेय. काल जरा जमलंसं वाटलं. लाओशींनी बघितलं आणि मान हलवली. म्हणाल्या, फूल बरोबर आहे, पण तू घाबरून काढलंयस.

फुलाला घाबरून?

त्या म्हणाल्या, "यू अफ्रेड इट गो."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भांडण झालं. म्हणजे मी भांडले.

पोचले तर निम्म्या पाकळ्या टेबलावर पडलेल्या. उरलेल्या तपकिरी कडांनी लोंबत होत्या. मला वाटलं आज नवीन फूल असेल. लाओशींनी तेच पुढे सरकवलं आणि एक पडलेली पाकळी तळहातावर घेऊन म्हणाल्या, "टुडे बेस्ट डे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे तुम्ही माझ्यासाठी चालवलंय ना? वाकडं तोंड असलेल्या बाईला सुकलेलं फूल दाखवायचं, आणि हेही किती सुंदर म्हणायचं! मला नाही वाटत सुंदर. मला माझा चेहरा परत हवाय. हे सगळं मी मराठी, हिंदी, इंग्लिश एकत्र करून बोलले. ब आणि प कुठच्या कुठे उडत होते. थुंकीसुद्धा उडाली.

लाओशींनी हातातली पाकळी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या (त्यांचं इंग्लिश मी माझ्या भाषेत लिहितेय), "मी डॉक्टर नाही. तुझा चेहरा परत येईल असं मी म्हटलं नाही. ही पाकळीही परत देठाला लागणार नाही. मला दुःख होतं. दर वर्षी होतं. म्हणून तर काढते. तू पण दुःख कर, पण बघून कर. तू तोंड फिरवून करतेस."

मग त्या चहा करायला आत गेल्या.

मी निघून येणार होते. पर्सही उचलली होती. पण ती पडलेली पाकळी, तिच्या कडेला सुरकुती, सुरकुतीत रंग साचून किरमिजी झालेला... कळीत हा रंग नव्हता. पूर्ण फुलातही नव्हता. मी ब्रश पाण्यात बुडवला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. लाओशी चहा घेऊन मागे उभ्या होत्या. चहा गार झालेला. त्यांनी माझा कागद उचलला, उजेडात धरला आणि कोपऱ्यात आपल्या हाताने तारीख घातली. आजवर माझ्या एकाही चित्रावर घातली नव्हती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेत बोलावलं होतं. लीव्ह संपत आली. एचआरची मुलगी गोड बोलली. म्हणाली, "मॅम, वुई वॉन्ट यू टु बी कम्फर्टेबल." म्हणजे मागच्या खोलीत बसून अर्ज कॉम्प्युटरवर चढवायचे. डेस्कवर एका नव्या मुलीला बसवलंय. मी ओके म्हटलं. थँक्यूही म्हटलं. गाडीत बसून रडले. उजवा डोळा रडतो तेव्हा डावा नुसताच गळतो.

चारूला सांगितलं तर त्याचा आवाज चढला, "तू थँक्यू म्हणालीस?" माझ्यावरच चिडला. मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लाओशी माझा फुकट उपयोग करून घेताहेत असं मला वाटायला लागलंय.

वर्गात तिघी नव्या आल्या. एक वैभवी, पुण्याची, बँकेत आहे, आणि तिच्या दोन मैत्रिणी. लाओशी मला म्हणाल्या, माझं इंग्लिश बॅड, तू सांग. मी सांगू? ब्रश, पाणी, पेपर, फूल, पाकळी, दाब. या कलेतला एकेक शब्द ओठ मिटल्याशिवाय येत नाही! 'ब्रश पाण्यात बुडवा' हे मला तीनदा म्हणावं लागलं. वैभवीला दुसऱ्या वेळेलाच कळलं होतं, पण लाओशी मान हलवून "अगेन, शी नॉट अंडरस्टँड" म्हणत राहिल्या.

आणि गंमत म्हणजे निघताना मरियमबींशी त्या चक्क हिंदीत बोलत होत्या, "पानी कम, रंग ज्यादा, फिर देखो." सगळं नीट येतं की मग!

८ मार्च, शनिवार

रमजान चालू आहे. मरियमबी रोज्यामुळे वर्गाला येत नाहीत, मी एकटीच जाते. शाळेतही जायला लागलेय, मागच्या खोलीत. खिडकी नाही.

आज लाओशींनी मला सर्वांसमोर उभं करून कळीपासून गळलेल्या पाकळीपर्यंत सगळं काढून दाखवायला लावलं. बोलत बोलत. स्वतः कोपऱ्यात बसून संत्रं खात होत्या. वयामुळे आता दम लागत असेल बिचारीला.

भुवई किंचित हलते. मला वाटलं भास आहे. चारू म्हणाला, "मंगळवारपासून हलतेय." माझ्या आधी त्याला कसं कळलं?

१२ मार्च, बुधवार

ईश्वरीने वर्गातल्या एका मुलीच्या थोबाडीत मारली. तिच्या टीचरचा फोन आला. आजवर असं कधी झालं नाही. मी खूप बोलले. का मारलंस, तर "शी वॉज बीइंग रूड." कशावरून? "शी वॉज डूइंग ॲन इम्प्रेशन." कोणाची? तर "इट्स नॉट इम्पॉर्टन्ट, आई," म्हणून खोलीत निघून गेली. ओपन हाउसच्या आधीपासूनच या मुलीचं आणि हिचं वाजलंय म्हणे. कोणाची नक्कल केली तर केली, त्यासाठी हात उचलायचा?

शिक्षा म्हणून शनिवारी तिला माझ्याबरोबर वर्गाला नेणार आहे.

१५ मार्च, शनिवार

शिक्षा वाया गेली, तिला फार आवडलं. लाओशींनी तिच्याकडेही टक लावून बघितलं, मग माझ्याकडे, मग हसून म्हणाल्या, "सेम ब्रश." गाडीत ईश्वरी माझ्याकडे बघत होती. म्हटलं काय? तर म्हणाली, "नथिंग. यू टॉक अ लॉट इन क्लास. इट्स नाइस."

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा आणि ईद एकाच दिवशी! खालून शीरखुर्मा वर आला, वरून श्रीखंड खाली गेलं. गॅलरीत गुढी उभारली. खैरुद्दीनभाईंनी खालून हात केला. मीही केला. लिफ्टने खाली गेले, लिफ्टमध्ये चौघं होते. ईद मुबारक म्हटलं. 'मुबारक'मध्ये म आणि ब दोन्ही आहेत. बऱ्यापैकी आले.

डॉक्टर म्हणतात आता हळूहळू येईल, पण डावा कोपरा बहुधा मागेच राहील. परवा हे ऐकून घरी आले आणि आरशासमोर बसून चेहरा बघितला. अर्धा तास असेल. रडले, पण बघत होते.

१२ एप्रिल, शनिवार

लाओशी परत चालल्या. मुलगा कारखान्याचं काम बघायला चीनला, सुझोला जातोय, त्याही कायमच्या. मे महिन्यात. त्यांनी हे संत्र्याचं साल काढता काढता सांगितलं. वैभवी म्हणाली, "मग वर्गाचं काय?" लाओशींनी खांदे उडवले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला इतकं वाईट वाटलं! एवढ्या बायका जमवल्या आणि पुढचा काहीच विचार नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

कम्युनिटी सेंटरमध्ये लाओशींचं निरोपाचं प्रदर्शन होतं. भिंतींवर त्यांची चित्रं, आणि एका बाजूला आमची. माझी पडलेली पाकळीही होती. दुपारी त्या सर्वांसमोर मोठ्या कागदावर पिओनी काढून दाखवणार होत्या. हॉल भरला. चारू, ईश्वरी, मरियमबी, खैरुद्दीनभाई पुढच्या रांगेत. चारू आधीच माझ्या डाव्या हाताची खुर्ची धरून बसलेला.

लाओशींनी एक कळी काढली. एक अर्धं फूल काढलं. मग ब्रश खाली ठेवला, मनगट धरलं आणि माइकमध्ये म्हणाल्या, "हँड हर्ट. मृणालिनी फिनिश."

मृणालिनी म्हणजे मी. चारूने गुडघ्याला बोट लावलं. मला वाटलं हनुवटीला काही लागलंय, मी पुसलं. त्याने मान हलवली आणि पुढे बोट केलं. ऊठ.

उठले. हातात माइक आला. एवढे लोक, सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. पण कागद ओला होता. ओल्या कागदाला थांबता येत नाही. मी ब्रश पाण्यात बुडवला आणि बोलायला लागले. आधी पूर्ण उमललेलं फूल काढलं, मग कडा वळायला लागलेलं. एका ठिकाणी रंगाचा मोठा थेंब पडला. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मी थेंबाला देठाकडून एक बारीक शीर ओढली आणि म्हटलं, "ही पाकळी जरा आधी पडली." लोक हसले.

मग शेवटच्या पाकळ्या. त्या काढताना मला कोणी दिसत नव्हतं. माझ्या घशातून आवाज येत होता आणि हात चालत होता एवढंच. ब्रश ठेवला तेव्हा टाळ्या. मरियमबी ओढणीने डोळे पुसत होत्या. ईश्वरी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होती. रात्री तिने तो व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा, मला न विचारता. वर लिहिलंय, 'माय मदर'.

हे सगळं झाल्यावर लाओशींच्या मनगटाला क्रीम लावायला गेले, तर त्या फ्रेमचे दोन जड खोके उचलून गाडीकडे चालल्या होत्या. दुखणं लगेच थांबलं असावं. या वयात असं येत-जात राहतं.

२ मे, शुक्रवार

लाओशींना एअरपोर्टवर सोडलं. आम्ही तिघं आणि मरियमबी. त्यांनी सगळे ब्रश, शाई, फेल्ट आणि कागदाची गुंडाळी एका मोठ्या पिशवीत भरून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, सामान जास्त झालंय का? सांभाळून ठेवते, परत आलात की द्यायला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मरियमबींना हिंदीत म्हणाल्या, "बहुत अच्छी है, लेकिन धीरे समझती है."

मग मला कळलं. एकदम सगळंच कळलं. भर डिपार्चरमध्ये मी त्यांना मिठी मारली. त्यांना मिठ्या आवडत नाहीत. तरी उभ्या राहिल्या.

६ मे, मंगळवार

शाळेत ॲडमिशनची गर्दी. नवीन मुलगी एकटी, रांग दरवाज्याबाहेर. मी मागच्या खोलीतून उठले, दुसरी खुर्ची ओढली आणि डेस्कवर बसले. "गुड मॉर्निंग, प्लीज कम." दोन-तीन प, म सटकले. एका छोट्या मुलाने विचारलं, "व्हाय इज युवर माउथ लाइक दॅट?" त्याची आई लाजेने लाल झाली. मी सांगितलं, आजारी पडलं होतं, आता बरं होतंय. तो "ओके" म्हणाला आणि पेन्सिल मागितली.

एचआरची मुलगी दोनदा येऊन बघून गेली. उठा असं म्हणाली नाही.

१० मे, शनिवार

माझा पहिला वर्ग. कम्युनिटी सेंटरची छोटी खोली शनिवारची मिळाली.

फुलं घ्यायला सकाळी ईश्वरीला घेऊन निघाले, तर राउंडअबाउटला पालिकेचे लोक पेटुनिया उपटत होते. उन्हाळा लागला, आता काढूनच टाकतात. ट्रकमध्ये जांभळ्या-गुलाबी ढिगाचा चिखल झालेला. मी गाडी बाजूला घेतली.

"भैया, थोडा मिलेगा?"

"मॅडम, ये तो खतम हो गया."

"हां, वही चाहिए."

त्याने पिशवी भरून दिली. ईश्वरी म्हणाली, "आई, पीपल आर लुकिंग." मी म्हटलं, "बघू देत." ती खाली उतरून पिशवी धरायला आली.

खोलीत वैभवी आणि तिच्या मैत्रिणी, मरियमबी, आणि पाच-सहा नव्या बायका. टेबलावर तो मलूल ढीग ओतला तेव्हा एक नवी म्हणाली, "मॅडम, ताजी फुलं नाही मिळाली का?"

"मिळतात की. पण ही दुपारपर्यंत एवढीही राहणार नाहीत. आधी नुसतं बघा. मग यल्ला, चला, ब्रश पाण्यात बुडवा."

बायका हसल्या. मीही हसले. ते हसू कसं दिसत असेल हा विचार तेव्हा आलाच नाही. आत्ता लिहिताना आला.